पोटाच्या आजारात मुलाचं ताट रिकामं करू नका

भांडुपहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सात वर्षांचा. दीड वर्ष पोट दुखतं, दिवसातून तीन-चार वेळा चिकट, घाण वास येणारी शी होते. वजन साडेसोळा किलोवर अडकलंय, मागच्या वर्षीचा शाळेचा शर्ट अजून सैल होतो. एका डॉक्टरांनी दूध बंद केलं, ओळखीच्या कुणी फळं बंद करायला सांगितली, आणि तीन आठवड्यांपूर्वी मोबाइलवर वाचून घरच्यांनीच गहू बंद केला. त्यानंतर थोडा फरक वाटतो. सासूबाई पेज, साबुदाणा आणि वरणाचं पाणी देतात. आता मोठे डॉक्टर रक्ततपासणी आणि एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची बारीक नळी घालून आतडं बघणं) म्हणताहेत. "गहू बंद करून बरं वाटतंय, तर नळी कशाला घालायची? असंच चालू ठेवलं तर चालणार नाही का? आणि ठेवायचं झालं तर सगळ्या घराचा स्वयंपाक वेगळा करायचा का?"

ताई, आधी सरळ उत्तर देते. नाही, असंच चालू ठेवू नका. तपासणी व्हायच्या आधी गहू बंद करणं ही पोटाच्या आजारांत होणारी सगळ्यात महागात पडणारी गोष्ट आहे. तुम्ही हे मुलाच्या काळजीपोटी केलंत हे मला कळतं. पण आता डॉक्टरांना फोन करून गहू नेमक्या कुठल्या तारखेला बंद केला ते सांगा आणि रक्ततपासणी लवकरात लवकर करून घ्या.

कारण असं. सिलिअॅक आजारात गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. रक्तात टीटीजी-आयजीए नावाची प्रतिपिंडं वाढतात आणि आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या तंतूंसारखे जे बारीक उंचवटे असतात ते झिजून सपाट होतात. अन्न शोषून घेण्याची जागाच कमी होते. तपासणी याच दोन खुणा शोधते. गहू थांबवला की दोन्ही खुणा हळूहळू पुसल्या जातात. तीन आठवडे म्हणजे फार उशीर झालेला नाही, इतक्यात प्रतिपिंडं सहसा नाहीशी होत नाहीत. पण तुम्ही सहा महिन्यांनी आला असतात तर मुलाला पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला घालून मग तपासावं लागलं असतं, आणि बरं वाटू लागलेल्या मुलाला मुद्दाम आजारी पाडण्याएवढं अवघड काम दुसरं नाही. आता डॉक्टर बहुधा रोज दोन पोळ्या तरी सुरू करायला सांगतील. किती दिवस, ते त्यांनाच ठरवू द्या. रक्त देताना टीटीजीबरोबर एकूण आयजीएही (टीटीजी ज्या प्रकारात मोडतं ती सगळी प्रतिपिंडं) मोजतात ना, तेवढं विचारून घ्या. काही मुलांत आयजीए मुळातच कमी असतं आणि मग टीटीजीचा अहवाल खोटाच 'ठीक' येतो.

टीटीजी खूपच जास्त, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या दहापटीहून वर आलं आणि दुसऱ्या रक्तनमुन्यातली ईएमए (सिलिअॅकचीच दुसरी प्रतिपिंडं शोधणारी) तपासणीही जुळली, तर युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार काही मुलांत एंडोस्कोपी टाळताही येते. आपल्याकडे बरेच डॉक्टर तरीही एंडोस्कोपीत काढलेला आतड्याचा बारीक तुकडा तपासूनच निदान पक्कं करतात आणि मला ते पटतं. मुलाला भूल देऊन करतात, काही मिनिटांचं काम असतं. खर्चाची चिंता असेल तर परळचं केईएम किंवा वाडिया, सायन, नायर इथल्या बालरोग विभागात विचारा, खाजगीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत सोय होते.

"पण फरक पडलाय ना," असं तुम्ही म्हणाल. फरक पडला हे खरं, पण कशाने पडला हे त्यावरून कळत नाही. अमेरिकेत सिडनी हास नावाच्या डॉक्टरांनी १९२४ साली सिलिअॅकच्या मुलांना केळ्यांवर ठेवलं, पाव-बिस्किटं आणि धान्यं बंद केली. मुलं सुधारली. सगळ्यांनी श्रेय केळ्याला दिलं. गव्हाचं नाव ठामपणे पुढे आलं ते डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या कामातून, १९५० च्या सुमारास. मधल्या पंचवीस वर्षांत किती मुलं 'बरी झाली' म्हणून पुन्हा पावावर गेली असतील! तुमच्या घरी गहू बंद झाला तेव्हा त्याबरोबर बिस्किटं, वडापावातला पाव, नूडल्स, बेकरीचं सगळंच बंद झालं. गव्हात ग्लुटेनशिवाय फ्रुक्टान नावाची शर्कराही असते, ती कमी झाल्यानेही पोटातला गॅस कमी होतो. किंवा आजार आपोआप थोडा शांत असेल. यातलं कुठलं खरं, ते ठरवणं फार गरजेचं आहे. सिलिअॅक असेल तर गहू जन्मभर, कणभरसुद्धा चालत नाही. नसेल तर उगाच जन्मभराची शिक्षा. आणि तिसराच आजार असेल तर तो आत वाढत राहतो.

आता मूळ मुद्दा. तुमच्या मुलाचं आजचं ताट मी मांडून पाहिलं. गहू नाही, दूध नाही, फळ नाही. एक वाटी पेज म्हणजे जेमतेम मूठभर तांदूळ, साधारण सत्तर कॅलरी आणि दीड ग्रॅम प्रथिनं. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. वरणाच्या पाण्यात डाळ तळाशी राहते आणि पाणी मुलाकडे येतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं लागतात. पेज-साबुदाण्यावरच्या मुलाला याच्या निम्मंही मिळत नसतं. वजन अडकलंय त्यात आजाराचा वाटा किती आणि उपासमारीचा किती, हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

हे मी सासूबाईंना दोष द्यायला लिहीत नाही. पोट बिघडलं की हलकं खायचं ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि दोन दिवसांच्या जुलाबात तिने फारसं बिघडत नाही. दीड वर्षाच्या आजारात मात्र ती मुलाला खंगवते. लहान आतड्याच्या अस्तराच्या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्या तयार होतात. त्या तयार व्हायला प्रथिनं, झिंक, फोलेट, जीवनसत्त्व अ लागतं, आणि आतड्यातून प्रत्यक्ष अन्न जात राहिलं तरच ते अस्तर नीट वाढतं. आतड्याला 'विश्रांती' दिली की ते आणखी पातळ होतं, मग आणखी कमी पचतं, मग घरचे आणखी काहीतरी बंद करतात. वॉर्डात येणाऱ्या कितीतरी मुलांच्या कागदावर एकामागून एक बंद केलेल्या पदार्थांची यादी असते आणि त्या बदल्यात काय द्यायचं याची एक ओळही नसते. माझा नियम साधा आहे: एक पदार्थ काढायचा असेल तर कारण सिद्ध हवं, किती दिवसांसाठी ते ठरलेलं हवं, आणि त्याच्या जागी काय येणार ते त्याच दिवशी लिहून द्यायला हवं.

म्हणून आजपासून, अहवाल यायची वाट न बघता, हे करा. पेजेच्या जागी मऊ भात आणि घट्ट वरण, त्यावर दोन चमचे तूप. एका चहाच्या चमच्याभर तुपात सुमारे ४५ कॅलरी असतात आणि मुलाच्या पोटात त्यासाठी जागा जवळजवळ लागत नाही. शी तेलकट, पाण्यावर तरंगणारी, भांड्याला चिकटणारी असेल तर मात्र तुपाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. रोज एक अंडं, घरात चालत असेल तर. नसेल तर मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट दिवसभरात विभागून भाताच्या गोळ्यात, भाजीत, कोशिंबिरीत घाला. तीस ग्रॅम दाण्यांत १७० कॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं. नाचणीचं सत्त्व केलंत तर त्यात गूळ-तूप घाला, नुसतं पाण्यासारखं नको. मासे खात असाल तर उकडलेला बोंबील किंवा बांगड्याचं कमी तिखट कालवण उत्तम. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी करा, आजारी मुलाची भूक एका बैठकीत दोन घासांत मरते.

फळं बंद करायचं तर काही कारणच दिसत नाही. डब्यातला रस, शीतपेय हे बंद करा, त्यातल्या साखरेने जुलाब खरोखर वाढतात. केळं, पपई, चिकू, शिजवलेलं सफरचंद द्या.

दुधाचं थोडं सविस्तर सांगते. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर आतड्याच्या त्या बारीक उंचवट्यांच्या अगदी टोकाला असतं. कुठल्याही कारणाने अस्तर झिजलं की पहिलं तेच जातं. म्हणजे दूध सोसत नाही हे बऱ्याचदा मूळ आजाराचं लक्षण असतं, वेगळा आजार नसतो, आणि अस्तर भरून आलं की काही आठवडे-महिन्यांत दूध पुन्हा पचतं. तोवरही दही चालतं, कारण विरजणात साखरेचा काही भाग खाल्ला गेलेला असतो. पनीर चालतं. दही-भात आजच सुरू करा. अर्धी वाटी देऊन बघा, दोन दिवस ठीक गेले तर वाटीभर करा. दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी हा वेगळा प्रकार आहे. तो मुख्यतः तान्ह्या बाळांत दिसतो, शीतून रक्त येतं, आणि तिथे दही-पनीरही चालत नाही. गाईचं सोसत नाही म्हणून बकरीचं किंवा म्हशीचं दूध देण्यानेही काही साधत नाही, प्रथिनं बरीचशी सारखीच असतात. सात वर्षांच्या, इतकी वर्षं दूध प्यायलेल्या मुलात तो संभव कमी.

एक इशारा. मूल अगदी हाडांचा सापळा झालं असेल, कित्येक दिवस जवळजवळ काहीच खात नसेल, तर घरी एकदम भरपूर खायला घालायला जाऊ नका. उपाशी शरीराला अचानक अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने घसरतं आणि हृदयाला धोका होतो. अशा मुलाचं खाणं रुग्णालयातच, रक्त तपासत तपासत वाढवायचं असतं. तुमचा मुलगा शाळेत जातो, खेळतो, त्याला हे लागू नाही.

समजा सिलिअॅक निघाला. उत्तर भारतात तो जास्त दिसतो, पण मुंबईत नाही असं मुळीच नाही. मराठी घरात या आजाराचं पथ्य पंजाबी घरापेक्षा सोपं जातं असं मला वाटतं. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा ही सगळी आपली धान्यं मुळात ग्लुटेन नसलेली. भाकरी, घावन, तांदळाची उकड, पोहे, उकडीचे मोदक हे काही 'पर्यायी' पदार्थ नाहीत, आपण नेहमीच करतो. सासूबाईंना उपासाच्या पदार्थांची माहिती असेल तर त्या या पथ्यात तुमच्या सगळ्यात मोठ्या मदतनीस ठरतील. राजगिऱ्याचे लाडू, वरीचा भात, दाण्याची आमटी, शिंगाड्याचं थालीपीठ हे सारं चालतं. त्यांना सांगा, साबुदाणा चालेल, पण दाण्याचा कूट दुप्पट घालून.

अडचण येते ती न दिसणाऱ्या गव्हाने. सगळ्यात मोठा चोर हिंग. बाजारातल्या बहुतेक डब्यांतला हिंग हा शुद्ध नसतो, त्यात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि तो आपल्या प्रत्येक फोडणीत पडतो. आई सहा महिने पोळी बंद ठेवते, टीटीजी उतरत नाही, आणि वरणात रोज चिमूटभर हिंग चाललेला असतो. डबीवरचे घटक वाचा. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. नाही मिळाला तर हिंगच टाळा. लोणचं, तयार सांबार मसाला, पापड यांतही तोच हिंग येतो. दुसरं मेतकूट. आजारी मुलाला तूप-मेतकूट-भात देणं आपल्या हाडात भिनलंय, पण पारंपरिक मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर थोडे गहू भाजून घातलेले असतात. थालीपिठाची भाजणीही तशीच. दोन्ही घरी गहू वगळून करा, चवीत फार फरक पडत नाही. कुरडया गव्हाच्याच. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. दुधात घालायच्या 'शक्तिवर्धक' पावडरींत माल्ट असतं, म्हणजे जव. बोंबील रव्यात घोळवून तळतात, त्याऐवजी तांदळाचं पीठ लावा. बटाटेवडा बेसनाचा, पण गाडीवर त्याच कढईत समोसे तळलेले असतात, म्हणून बाहेरचा नको, घरचा चालेल.

पाकिटावरचं 'ग्लुटेन-फ्री' बघताना एवढं लक्षात ठेवा की आपल्याकडच्या नियमाप्रमाणे त्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. ही मर्यादा किती बारीक आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगते, एका मध्यम पोळीत अडीच ते तीन ग्रॅम, म्हणजे अडीच-तीन हजार मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. "एखादा घास खाल्ला तर काय होतं" याचं उत्तर या आकड्यांत आहे. आणि ते ग्लुटेन-फ्री केक-बिस्किटं रोजच्या खाण्यात आणू नका. महाग तर असतातच, शिवाय बहुतेकांत मैद्याऐवजी स्टार्च आणि साखर असते.

शाळेत वर्गशिक्षिकेला भेटून सांगा, चिठ्ठी पाठवून नव्हे. डबा वाटून खाणं ही मुलांची सवय चांगली आहे आणि ती मोडायला मला आवडत नाही. म्हणून डब्यात असं काही द्या की इतर मुलं त्याच्या डब्यातलं मागतील: चिकी, पोह्याचा चिवडा, इडली (उडीद-तांदळाची, रव्याची नव्हे). तो देणारा झाला की त्याला वेगळं वाटत नाही. वाढदिवसाच्या केकसाठी बाईंकडे एक खाऊचा डबा ठेवून द्या.

सिलिअॅकच्या मुलांत लोह, फोलेट, जीवनसत्त्व ड आणि बऱ्याचदा बी-१२ कमी असतं. त्यांच्या तपासण्या करून औषधं द्यावी लागतील, नुसत्या पालेभाजीने ती तूट भरत नाही. लोहाच्या औषधाबरोबर लिंबू चालतं, चहा नको, दूधही त्याच वेळी नको. पथ्य नीट पाळलं तर चिडचिड आणि पोटदुखी काही आठवड्यांत कमी होते, वजन काही महिन्यांत वर येतं, उंची त्यानंतर. टीटीजी उतरायला वर्षभर किंवा अधिक लागू शकतं, दर महिन्याला तपासून घाबरू नका.

तपासणीत सिलिअॅक नाही असं आलं तर? मग डॉक्टर पुढे शोधतील. मुंबईत लांबलेली पोटदुखी, जुलाब आणि वजन घटणं यात दोन आजारांची गाठ पडते: आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार. दोन्ही लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बसतात आणि एंडोस्कोपीत एकमेकांसारखे दिसतात. क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली आणि निघाला क्षय, तर तो फोफावतो. म्हणून इथे डॉक्टर वेळ घेतात, पुन्हा पुन्हा तुकडे तपासतात. पालकांना ते दिरंगाई वाटते. ती दिरंगाई नसते.

क्रोन्स आजारात आहार हे स्वतःच औषध आहे आणि याची माहिती आपल्याकडे फार कमी पालकांना असते, म्हणून सांगते. मुलाला सहा ते आठ आठवडे इतर सगळं खाणं थांबवून केवळ पूर्ण पोषण असलेलं द्रव अन्न देतात. पाणी चालतं, बाकी काही नाही. अनेक अभ्यासांत दहापैकी सात-आठ मुलांचा आजार एवढ्यानेच शांत झालेला आहे, स्टेरॉइड न देता. स्टेरॉइडने मुलाची वाढ खुंटते, या उपचाराने ती सुरू होते, म्हणूनच युरोपातले तज्ज्ञ मुलांच्या क्रोन्समध्ये हा पहिला पर्याय मानतात. आतड्याच्या अस्तराबद्दल मी वर जे लिहिलं त्याचा याहून मोठा पुरावा नाही.

करायला हे कठीण आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला दीड-दोन लिटर तेच ते पेय प्यायचं असतं आणि शेजारच्या खोलीत भज्यांचा वास येत असतो. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, तो निघाला की बहुतेक मुलं सरावतात. थंडगार करून, झाकणाच्या ग्लासातून, स्ट्रॉने दिलं तर वास कमी येतो. घरच्यांनी त्याच्यासमोर जेवू नये असं मी म्हणत नाही. त्याला जेवणाच्या वेळी सगळ्यांबरोबर बसवावं, हातात त्याचा ग्लास द्यावा. गणपती, दिवाळी मध्ये येत असेल आणि डॉक्टर थांबायला तयार असतील तर सण झाल्यावर सुरू करा. तोंडाने अजिबात जात नसेल तर नाकातून बारीक नळी घालून रात्री हळूहळू देता येतं, दिवसा मूल शाळेत जाऊ शकतं. नळीला पालक फार घाबरतात, मुलं त्यामानाने लवकर स्वीकारतात.

यकृताच्या आजाराबद्दलही लिहायला हवं, कारण तिथे उपासमार सगळ्यात जास्त होते. कावीळ म्हटली की घरात हळद, तेल, तूप बंद होतं आणि उसाचा रस, फुटाणे सुरू होतात. हळदीने कावीळ वाढत नाही. रस्त्यावरच्या बर्फाच्या उसाच्या रसातून हिपॅटायटिस अ आणखी पसरू शकतो. साध्या काविळीत मुलाला जे खावंसं वाटेल ते घरचं ताजं अन्न द्यावं, तेल-तुपासकट. तान्ह्या बाळाची कावीळ चौदा दिवसांनंतरही राहिली आणि शी पांढुरकी, मातकट दिसू लागली तर मात्र कोवळं ऊन दाखवत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचं व्हायच्या आत झाली तर यशाची शक्यता सगळ्यात जास्त असते.

अशा बाळांत पित्त आतड्यात उतरत नाही, म्हणून नेहमीची चरबी पचत नाही आणि तिच्याबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही वाया जातात. ती वेगळी द्यावी लागतात. चरबी बंद करायची नसते, प्रकार बदलायचा असतो. मध्यम साखळीच्या मेदाचं, एमसीटी तेल पित्ताशिवायही शोषलं जातं. खोबरेल तेल म्हणजेच एमसीटी, असं कोकणातले पालक बरेचदा समजतात. खोबरेलात त्या मेदाचा खरा उपयोगी भाग थोडाच असतो, तेव्हा त्यावर विसंबू नका. एमसीटी तेल शिजलेल्या भातात वरून मिसळायचं, त्यात तळायचं नाही. आणि या मुलांचं नुसतं वजन बघून समाधान मानू नका. पोटात पाणी साठतं, यकृत वाढतं, काटा वर जातो आणि दंड बारीक होत राहतो. दंडाचा घेर मोजायला सांगा.

तुमच्या मुलाच्या बाबतीत आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन पुरे. रोज केलंत तर घर अस्वस्थ होतं. उंची दर तीन महिन्यांनी. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढ अपेक्षित असते. पहिल्या भेटीला येताना तीन दिवसांचं खाणं लिहून आणा, दिलेलं आणि प्रत्यक्ष खाल्लेलं वेगवेगळं. हिंगाची, मसाल्यांची, बिस्किटांची पाकिटं मोबाइलवर फोटो काढून आणलीत तर निम्मं काम होतं.

मधेच साधे जुलाब लागले, पावसाळ्यात लागतीलच, तर ओआरएस द्या आणि खाणं थांबवू नका. डब्लूएचओच्या सूत्राचं पाकीट घ्या, पाकिटावर लिहिलेलंच पाणी घाला. गोड, रंगीत पेयांवर 'ओआरएस' लिहायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे, तेव्हा दुकानदार तसला खोका पुढे करील तर परत करा. त्याच्या पाच वर्षांखालच्या भावंडाला जुलाब लागले तर डॉक्टरांना विचारून झिंक चौदा दिवस पूर्ण द्या, जुलाब तीन दिवसांत थांबले तरी. शीतून रक्त, हिरवट उलटी, फुगलेलं कडक पोट, सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल, यातलं काहीही असेल तर घरात थांबू नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सगळ्या घराचा स्वयंपाक बदलायचा का. आत्ता नाही, अहवाल येईपर्यंत काहीच बदलायचं नाही. सिलिअॅक ठरलाच तर रात्रीचं जेवण सगळ्यांचं भात-भाकरीचं करा, त्यात वेगळे कष्ट नाहीत आणि मुलगा एकटा पडत नाही. सकाळी डब्यांना पोळ्या लागत असतील तर करा, पण त्याचं आधी करून झाकून ठेवा. तवा, पोळपाट-लाटणं, पिठाची चाळणी आणि परात त्याची वेगळी हवी. लाकडात आणि चाळणीच्या जाळीत पीठ अडकतं, कितीही घासलं तरी निघत नाही. स्टीलची बाकी भांडी नीट घासून चालतात. तुपाच्या बरणीत पोळीला लावलेला चमचा परत बुडवायचा नाही. ज्वारी-तांदूळ गिरणीत दळून आणू नका. गिरणीवाल्याने पहिलं दळण तुमचं घातलं तरी जात्यात आदल्या दिवशीचा गहू असतोच. घरघंटी परवडली तर घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. परवडत नसेल तर धान्य धुऊन, वाळवून मिक्सरला बारीक करा आणि नव्या चाळणीने चाळा, त्याची भाकरी थोडी जाडसर होते पण छान होते.